जंगलाचे तिकीट

मीरा रोडच्या पूर्वेला दिसणारे डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे आहेत. मग बोरिवलीच्या दाराशी तिकीट का काढावे लागते?

कारण ती नुसती पैशांची पावती नाही, तो परवाना आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठी तो मिळतो. शुल्क भरले म्हणून वाटेल तिकडे शिरता येत नाही. बिबट्याचे घर आहे ते!

पुढे कान्हेरी लेण्यांपाशी पुन्हा तिकीट! ही फसवणूक नव्हे. जंगल वनखात्याकडे, लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. तेथे १५ वर्षांखालील मुलांना मात्र शुल्क नाही, तेव्हा शाळेचे ओळखपत्र जवळ ठेवा.