काटा संपला तरी मासा संपेना!

गळाला मासा लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. कालवण करायचं की तुकड्या तळायच्या? पण 13 सप्टेंबर 1952च्या पहाटे इंग्लंडमधल्या एका तळ्याकाठी दोन मित्रांपुढे वेगळाच पेच उभा राहिला. त्यांनी धरलेला मासा त्यांच्या ताणकाट्यात मावत नव्हता. खायचा तर तो नव्हताच. आणि तसाच पाण्यात सोडून दिला तर जगात विश्वास कोण ठेवणार? गळ टाकणाऱ्याच्या हातून निसटलेला मासा दर वेळी सांगताना वीतभर वाढतो, हे इंग्रजांनाही ठाऊक आहे!

त्या दोघांपैकी एकाचं नाव रिचर्ड वॉकर, दुसरा त्याचा मित्र पीट थॉमस. आणि तळं होतं हेरफर्डशर परगण्यातलं रेडमायर.

जाडेभरडे मासे

गोड्या पाण्यातल्या माशांमध्येही इंग्रजांनी जातपात पाळली. सामन आणि ट्राउट हे खानदानी मासे. ते पकडायचे तर जमीनदाराची परवानगी हवी, नाही तर खिशात भरपूर पैसे हवेत. उरलेले रोच, पर्च, टेंच, कार्प वगैरे सगळे ‘कोर्स फिश’, म्हणजे जाडेभरडे. हे मासे गरवायला कामगार, कारकून, शाळकरी मुलं सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन निघत. दिवसभर तळ्याकाठी बसायचं, मासा धरायचा, बघायचा आणि बहुतेक वेळा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. आपल्याला हे नवल वाटेल, पण तिथे हा लाखो लोकांचा छंद आहे.

यातला कार्प आपल्याला अनोळखी नाही. आपल्या धरणा-तळ्यांतून निघणारा आणि बाजारात सायप्रिनस म्हणून विकला जाणारा मासा तो हाच. रोहू, कटला हे त्याचेच भाऊबंद. मात्र इंग्लंडमध्ये मोठ्या कार्पचा दबदबा असा, की तो गळाला लागणं जवळजवळ अशक्यच मानलं जाई. आयझॅक वॉल्टनने 1653 साली मासेमारीवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं, त्यातही कार्प धूर्त असल्याचं सांगून भरपूर धीर धरण्याचा सल्ला दिला आहे. पुढे तीनशे वर्षं लोकांनी धीर धरला, पण मोठा कार्प काही हाती येईना. लागलाच तर तंगूस तोडून जायचा. 1930 साली आल्बर्ट बकलीने 26 पौंडांचा, म्हणजे पावणेबारा किलोंच्या आसपासचा कार्प पकडला आणि तो विक्रम वीसहून अधिक वर्षं अबाधित राहिला.

नशीब नव्हे, अभ्यास

वॉकर तेव्हा 34 वर्षांचा होता. केंब्रिजमध्ये इंजिनीअरिंग शिकलेला, दुसऱ्या महायुद्धात रडारच्या कामात राबलेला. मोठा कार्प नशिबात असावा लागतो, हे त्याच्या इंजिनीअरच्या डोक्याला पटेना. हा मासा खातो काय, फिरतो कुठे, घाबरतो कशाला, एवढं कळलं तर तो पकडता आलाच पाहिजे, असा त्याचा हिशोब.

मग एकेक गोष्ट त्याने स्वतः घडवली. बाजारातल्या काठ्या मोठ्या कार्पपुढे टिकत नव्हत्या, म्हणून बांबूच्या चिरफळ्या जोडून लवचीक पण दणकट काठी तयार केली. तिचं नाव ‘मार्क फोर’. कार्प बहुधा रात्री खायला बाहेर पडतो आणि अंधारात तंगूस हललेला दिसत नाही, म्हणून त्याने बॅटरीवर चालणारी घंटी बनवली. माशाने तंगूस ओढला की घंटी वाजणार! आमिषही विचारपूर्वक केलेलं. पावाचा मळलेला गोळा पाण्यात बुडतो, पावाचा कडक पापुद्रा तरंगतो. दोन्हींचा मेळ असा घालायचा, की आमिष अलगद खाली जाईल, पण तळच्या चिखलात रुतणार नाही.

1951 साली वॉकर आणि ‘बीबी’ या टोपणनावाने लिहिणारे लेखक डेनिस वॉटकिन्स-पिचफर्ड यांनी काही दोस्तांसह कार्प पकडणाऱ्यांचा एक छोटासा क्लब काढला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बॉब रिचर्ड्स नावाच्या माणसाने एका आडबाजूच्या तळ्यात 31 पौंड 4 औंसांचा, म्हणजे चौदा किलोंहून जड कार्प पकडून बकलीचा विक्रम मोडला. ही बातमी त्याने बीबींना कळवली. क्लबच्या मंडळींचे कान टवकारले!

तळं जेमतेम तीन एकरांचं. एका जुन्या वाड्याच्या आवारातलं. त्यात माजलेल्या पाणवनस्पती कमी व्हाव्यात, म्हणून 1934 साली तिथे पन्नास छोटे कार्प सोडले होते. नंतर त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलंच नाही आणि मासे निवांत वाढत राहिले. गळवाल्यांची झुंबड उडू नये, म्हणून मंडळींनी तळ्याचं खरं नाव लपवलं आणि ‘रेडमायर’ हे टोपणनाव प्रचारात आणलं. आज तेच नाव जगभर प्रसिद्ध आहे.

अंधारात घंटी वाजली...

12 सप्टेंबर 1952ची रात्र. वॉकर आणि थॉमस गळ टाकून काठावरच पांघरुणात शिरलेले. बोलणं हळू आवाजात, पावलं जपून. कारण काठावरची धपधप पाण्यातल्या कार्पला लगेच कळते. तासांमागून तास गेले. उजाडायला अजून अवकाश होता. पहाटे पाचच्या सुमारास वॉकरची घंटी वाजू लागली. रिळावरचा तंगूस सरसर सुटत होता.

वॉकरने काठी उचलून झटका दिला आणि पलीकडून जबरदस्त ओढ आली. डोळ्यांना काहीच दिसत नाही, जो काही अंदाज तो हाताला जाणवणाऱ्या ओढीवरून. मासा पाणवनस्पतींत किंवा काठच्या काटेरी झुडपांत शिरला की खेळ संपला, तंगूस अडकून तुटणार. फार ओढावं तरी तुटणार, सैल सोडावं तर मासा हवा तिथे जाणार. अशा वेळी दमेल तो हरेल. वॉकर काठीचा बाक कायम राखत माशाला वळवत राहिला. अखेर तो थकून काठाशी आला आणि थॉमसने मोठी जाळी त्याच्याखाली घातली.

मासा बाहेर काढला तेव्हा दोघांनाही कळलं, हे प्रकरण नेहमीचं नाही. पोत्यात घालून त्याला ताणकाट्याला टांगलं. काट्याची मर्यादा 32 पौंडांची, म्हणजे साडेचौदा किलोंची. काटा धाडकन शेवटच्या खुणेवर आदळला आणि तिथेच थांबला. रिचर्ड्सचा विक्रम तर मोडलाच होता. पण मासा नेमका किती वजनाचा, ते सांगायला काटाच उरला नव्हता!

दोघांनी पोत्याचं तोंड बांधलं आणि मासा पोत्यासह पाण्यात ठेवला. मग वॉकरने लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला फोन केला. तिथली गाडी आली आणि मासा जिवंत लंडनला गेला. तिथल्या काट्यावर वजन भरलं 44 पौंड. जवळपास 20 किलो!

काचेमागची राणी

क्लबच्या दोस्तांनी या माशाचं, म्हणजे मादीचं, नाव ठेवलं होतं ‘राविओली’. पण लोकांच्या तोंडी बसलं ते ‘क्लॅरिसा’. एरवी ज्यांनी आयुष्यात गळ धरला नाही, असे आईबाप मुलांचा हात धरून मत्स्यालयातल्या तिच्या टाकीपुढे उभे राहत. 1971 साली ती मेली. तळ्यातून निघाल्यावर तब्बल एकोणीस वर्षं ती काचेमागे जगली.

मोठा कार्प पकडता येतच नाही, ही तीनशे वर्षांची समजूत त्या एका पहाटेने मोडली. वॉकरने 1953 साली आपली सारी पद्धत पुस्तकात उघड करून सांगितली, वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं सदर लिहिलं. 1985 साली तो गेला. आज कार्प पकडणाऱ्यांच्या काठीजवळ वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक घंट्या त्याच्याच घंटीच्या पणत्या म्हणायला हव्यात.

क्लॅरिसाहून मोठा कार्प ब्रिटनमध्ये गळाला लागायला मात्र 1980 साल उजाडावं लागलं. तळं तेच, रेडमायर. 16 जूनला, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, ख्रिस येट्सने साडेएक्कावन्न पौंडांचा कार्प पकडला. त्याने तो डोळे भरून पाहिला आणि पुन्हा त्याच पाण्यात सोडून दिला.

अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन पहिलवानांच्या गोष्टी. एकीला काचेमागे ठेवलं म्हणून जगाने विश्वास ठेवला. दुसरा शेपटी हलवत घरी गेला. गळ टाकणाऱ्याची खरी परीक्षा मासा हाती आल्यानंतर सुरू होते, ती अशी!