मॉरिशस : समुद्राकडे पाठ करून पाहायचं बेट

मॉरिशसच्या सहलीची जाहिरात आपल्याकडे वर्षानुवर्षं एकाच चित्रावर चालत आली आहे. निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि माडाखाली दोन आरामखुर्च्या. चित्र खोटं नाही. या बेटाभोवती जवळपास सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे. खोल समुद्राच्या लाटा तिच्यावर फुटतात आणि अलीकडे किनाऱ्यापर्यंत उथळ, नितळ पाणी राहतं. वाळूही प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची, म्हणून पांढरी. दक्षिणेला ग्री-ग्री इथे ही भिंत तुटते. तिथे लाटा थेट काळ्या कातळावर येऊन आदळतात, आणि एरवी आपल्याला कोण सांभाळत होतं ते कळतं. पण चार रात्रींचं पॅकेज त्या खुर्चीतच संपतं. मुंबईहून सहा तासांचा विमानप्रवास करून गेलेला माणूस बेट न पाहताच परत येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण या बेटाची गोष्ट फार थोड्या देशांच्या वाट्याला आली आहे. इथे मूळची माणसं नव्हतीच. डच १५९८ मध्ये उतरले, आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव त्यांनी बेटाला दिलं आणि १७१० मध्ये ते निघून गेले. पाच वर्षांनी फ्रेंच आले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी त्यांच्याकडून बेट घेतलं. आज इथे राहणारा प्रत्येक जण जहाजातून आलेल्या कुणाचा तरी वंशज आहे. कुणी फ्रेंच मळेवाल्याचा, कुणी आफ्रिकेतून किंवा मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामाचा, कुणी भारतीय मजुराचा, कुणी चिनी दुकानदाराचा. मूळचे इथले म्हणावेत ते पक्षी, झाडं, सरडे आणि वटवाघळं. तेव्हा आलेल्यांनी काय आणलं आणि इथलं मूळचं काय उरलं, या दोन गोष्टी शोधत फिरलं की बेट उलगडायला लागतं.

सुरुवात राजधानी पोर्ट लुईमध्ये, बंदराला लागून असलेल्या आप्रवासी घाटापासून करावी. जागा इतकी लहान आहे, की घाईत असलेला पर्यटक दहा मिनिटांत बाहेर पडेल. मूळ इमारतींचा बराचसा भाग पुढच्या काळात पाडला गेला. राहिल्या त्या काळ्या दगडाच्या काही भिंती, रुग्णालयाच्या खोल्या, स्वयंपाकघराचे अवशेष आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. गुलामगिरी बंद होत आली तेव्हा उसाच्या मळ्यांवर राबायला माणसं हवी होती, म्हणून ब्रिटिशांनी भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. ‘अ‍ॅटलस’ जहाजातून छत्तीस मजूर आले ती तारीख २ नोव्हेंबर १८३४. हा दिवस आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचा आहे. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं या मार्गाने आली. त्यांतली काही इथूनच पुढे दुसऱ्या वसाहतींत पाठवली गेली. २००६ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून घोषित केली.

या पायऱ्या चढलेल्यांत कोकणातली आणि देशावरची माणसंही होती. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही मजुरांची जहाजं सुटत. आलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि नोंदवहीत त्याचं नाव, वय, बापाचं नाव, गाव, अंगावरची खूण लिहिली जाई. पुढे छायाचित्रंही काढली जाऊ लागली. ही दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत, आणि मॉरिशसची माणसं तिथे जाऊन आपल्या पणज्याचं गाव शोधतात. लिहिणाऱ्या कारकुनाला आपली नावं कळत नसत, त्यामुळे स्पेलिंगं पार बदलली आणि आडनावांच्या जागी बापाची नावं चिकटली. तरीही तिथल्या पाट्यांवरची नावं सावकाश मोठ्याने वाचली, की आतला मराठी माणूस ओळखू येतो.

ही मंडळी संख्येने थोडी. घरात बहुतेकांची बोली क्रेओल, मराठी शिकायची ती शाळेत. पण गणपती त्यांनी सोडला नाही. तिथल्या गणेशोत्सवाचा इतिहास १८९६ पर्यंत मागे जातो आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. मिरवणुकीत ढोलकी-झांजांवर ‘झाकरी’ नाचतात, ती आपल्या कोकणातल्या जाखडीची सख्खी बहीण. भाद्रपदात मॉरिशसला जाणं जमत असेल तर दुसऱ्या कुठल्याही महिन्याचा विचार करू नये. हवामानही तेव्हा चांगलं असतं. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने.

महाशिवरात्रीला वेगळंच दृश्य असतं. बेटाच्या मध्यावर डोंगरात ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं एक तळं आहे, ग्राँ बासँ. हिंदूंनी त्याला गंगा तलाव केलं. १९७२ मध्ये त्यात खरोखर गंगेचं पाणी आणून मिसळलं. पांढऱ्या कपड्यांतली हजारो माणसं सजवलेली कावड खांद्यावर घेऊन गावोगावाहून पायी इथे येतात. रस्त्याच्या कडेला लोक त्यांना पाणी, फळं, जेवण देतात. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न ब्राबाँ हा ५५६ मीटर उंचीचा डोंगर समुद्रात पाय रोवून उभा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. लोककथा अशी सांगतात, की गुलामगिरी संपल्यावर ती बातमी द्यायला शिपाई वर निघाले. धरायलाच आले असं समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. हे असंच घडलं का, याचा कागदोपत्री पुरावा नाही. पण डोंगरात लपून राहणं खरं होतं, आणि तेवढ्यासाठी २००८ मध्ये हा डोंगरही जागतिक वारसा ठरला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी बंद झाली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना नाही. पायथ्याशी स्मारक आहे. अर्ध्याअधिक उंचीपर्यंतची वाट सहज चढता येते, त्यापुढे वाटाड्या हवाच.

या गुलामांनी घडवलेला सेगा नाच हॉटेलात जेवणाबरोबर दाखवतात. त्या रंगीत घागऱ्यांवर समाधान मानू नये. खरा सेगा रावान या बकऱ्याच्या कातड्याच्या डफावर चालतो. वाजवण्यापूर्वी तो जाळावर शेकून ताणून घेतात. नाचणारे अनवाणी, पाय जमिनीवरून न उचलता सरपटत नेणारे. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याची दखल घेतली, आणि दोनच वर्षांनी भोजपुरी बायकांच्या लग्नघरातल्या ‘गीत-गवाई’चीही. गावच्या कार्यक्रमात यांतलं एखादं ऐकायला मिळालं तर संध्याकाळ सार्थकी लागली म्हणायची.

आता इथलं मूळचं जे उरलं, त्याकडे. शामारेलची सप्तरंगी माती सगळेच पाहतात. लाव्हारसाची माती झाली, पावसाने विरघळणारं ते वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, त्यांचे हे लाल, तपकिरी, जांभळे रंग. सुंदर आहे, अर्ध्या तासात होतं. वाटेत उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील ते मात्र नीट पाहा. नांगर चालावा म्हणून राबणाऱ्या हातांनी एकेक दगड वेचून ते रचले आहेत. त्याच उसासाठी जंगल तुटलं. आज चांगल्या स्थितीतलं मूळ अरण्य दोन टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे.

डोडोचं काय झालं हे सर्वांना ठाऊक असतं. खलाशांनी तो खाल्ला, पण त्याहून मोठा घात केला तो जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरं आणि माकडांनी. जमिनीवर घातलेली अंडी त्यांच्या तोंडी पडली आणि सतराव्या शतकातच पक्षी संपला. त्याची हाडं १८६५ मध्ये ज्या दलदलीत सापडली, ती आजच्या विमानतळाच्या जवळच आहे. पोर्ट लुईच्या निसर्गेतिहास संग्रहालयात डोडोचा एक सांगाडा आहे. तो एकाच पक्ष्याच्या हाडांचा असल्याने जगात अतिशय मोलाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शोधून काढला तो निसर्गाचा हौशी अभ्यासक असलेल्या एका न्हाव्याने.

पण डोडोपाशी थांबू नये, कारण पुढची गोष्ट आशेची आहे. मॉरिशसचा छोटा ससाणा, केस्ट्रल, १९७४ मध्ये जंगलात फक्त चार उरले होते. वेल्सहून आलेल्या कार्ल जोन्स या शास्त्रज्ञाने घरट्यातली अंडी काढून यंत्रात उबवली. अंडी गेली की मादी पुन्हा घालते, त्याचा त्याने उपयोग केला. पिल्लं वाढवून जंगलात सोडली, आणि आज ती संख्या शेकड्यांत आहे. १९९० च्या सुमाराला दहाच्या आसपास उरलेली गुलाबी कबुतरंही अशीच परत आली. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानात पहाटे चालत गेलं तर दोन्ही दिसण्याची शक्यता असते.

आग्नेय किनाऱ्याजवळच्या ईल ओ झेग्रेत या सव्वीस हेक्टरच्या बेटावर तर जुनं मॉरिशस पुन्हा उभं केलं जात आहे. उंदीर काढले, परकी झाडं उपटली, एबनीची रोपं लावली. इथली मोठी कासवं नामशेष झाली होती, म्हणून सेशेल्सच्या आल्डाब्रा बेटावरच्या जातीची कासवं आणून सोडली. ती एबनीची फळं खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी चांगलं रुजतं. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ जहाज याच भागात प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात पसरलं, तेव्हा हजारो सामान्य माणसांनी उसाचा पाचोळा भरून तरंगते बांध शिवले आणि ते पाण्यात उतरून लावले. परदेशी पर्यटकाला ज्या पाण्याचं एवढं कौतुक, त्याची खरी काळजी कोण घेतं ते तेव्हा दिसलं.

तुमचा जाण्याचा बेत असेल तर एजंटाला आधीच सांगून ठेवा : एक दिवस पोर्ट लुई आणि मोकासाठी, एक ल मोर्नसाठी, एक गॉर्जेसच्या जंगलासाठी, आणि एक सकाळ ईल ओ झेग्रेतसाठी. त्या बेटावर स्वतःहून उतरता येत नाही. माएबुर गावाजवळून होडी सुटते, सोबत मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचा मार्गदर्शक असतो, आणि भरलेले पैसे त्याच कबुतरांच्या आणि कासवांच्या देखभालीला जातात. नोंदणी मात्र निघण्यापूर्वीच करा.