जुना लॅपटॉप घरी अखंड चालवताना बॅटरी सांभाळा

दुकानात नवा संगणक आला की जुना लॅपटॉप घरी येतो. एच.डी.एम.आय. केबलने तो टीव्हीला जोडला की भाषणे, चित्रफिती, मुलांचे धडे सारे मोठ्या पडद्यावर पाहता येते. पुढे तो रात्रंदिवस चालूच राहतो. अनेक व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरी अशी सोय असते, म्हणून त्यातील नफा-तोटा आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम खर्च पाहू. २० वॅट वीज घेणारा लॅपटॉप २४ तास चालला तर महिन्याला सुमारे १४ युनिट लागतात. बिलाचा भार मोठा नाही. खरा धोका बॅटरीचा आहे.

सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी आज बहुतेक सर्व लॅपटॉपमध्ये असते. सतत पूर्ण भरलेले राहणे आणि उष्णता या दोन गोष्टी तिला मानवत नाहीत. दोन्ही एकत्र आल्या की आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो व बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर ही खूण ओळखावी. ताबडतोब प्लग काढून यंत्र बंद करावे. फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नये, ती पेट घेऊ शकते. जाणकार कारागिराकडूनच ती काढून घ्यावी. ती कचऱ्यात टाकण्यास २०२२ च्या नियमांनी मनाई आहे.

हे टाळणे कठीण नाही. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते, ती चालू करावी. बाहेर निघणारी बॅटरी असल्यास ती काढूनही बहुतेक यंत्रे चालतात; मात्र वीज जाताच यंत्र बंद पडते, म्हणून छोटा यू.पी.एस. जोडावा. लॅपटॉप गादीवर किंवा बंद कपाटात ठेवू नये. हवेची जाळी मोकळी ठेवावी, पंख्यातील धूळ वेळोवेळी काढावी. कोणी पाहत नसेल तेव्हा यंत्र बंद करणे सर्वांत उत्तम.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० साठीचा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या लॅपटॉपवर तीच प्रणाली असेल तर दुकानाचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. घरच्या करमणुकीचे यंत्र वेगळे आणि धंद्याचे वेगळे, हाच आमचा सल्ला आहे.