एचआरमध्ये पहिल्या दिवशी काय घालायचं?

हा प्रश्न बऱ्याच जणांचा असतो, म्हणून आधी माझी फजिती सांगते.

चाकणच्या एका कारखान्यात एचआर म्हणून रुजू झाले, तेव्हा काळा ब्लेझर आणि हिल्स घालून गेले. मुलाखतीत चालला होता ना! हिल्स तर शॉप फ्लोअरच्या दारातच काढायला लावल्या, सेफ्टी शूज दिले. पण खरा घोळ ब्लेझरचा झाला. एक ऑपरेटर केबिनपर्यंत येऊन परत गेला. त्याला वाटलं, हेड ऑफिसची कुणी मोठी मॅडम आलीये. त्याचा ओव्हरटाइम दुप्पट दराऐवजी साध्या दराने लागला होता, आणि ते मला कळलं महिन्याभराने.

तेव्हापासून इस्त्रीचा सुती कुर्ता, नाहीतर फुल शर्ट. फ्लोअरवर जाताना ओढणी नको, बांगड्या नकोत, केस बांधलेले. हे शोभेसाठी नाही हं, फिरत्या मशीनमध्ये अडकतं. ब्लेझर खुर्चीला टांगलेला असतो, कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी.

हिंजवडीच्या आयटीवाल्यांनो, तुमच्याकडे शुक्रवारी जीन्स-टीशर्ट खुशाल चालतो. फक्त त्या दिवशी कुणाला नोकरीवरून कमी करायची मीटिंग असेल, तर साधा शर्टच घाला.