अडीचपट कुत्रा

ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम सहाशे-सातशे ग्रॅमचं असतं. दीड-दोन वर्षांत ते ७० किलोपर्यंत जातं, म्हणजे जवळजवळ शंभरपट. माणसाच्या पोराला जन्मवजनाच्या वीसपट व्हायला अठरा वर्षं लागतात. हातात मावणारं पिल्लू घरी आणताना हा वेग कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि चेन्नईसारख्या शहरात तो ध्यानात घ्यायलाच हवा.

तिथं मोठा कुत्रा पाळायचा तर डेनच्या शेजारी उभा करावा असा गडी तमिळनाडूतच आहे. विरुधुनगर जिल्ह्यातल्या राजपालयम गावाचं नाव लावणारा, पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा शिकारी कुत्रा. टपाल खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत आपल्या घोरपड्यांच्या मुधोळ हाउंडबरोबर हाही होता. खांद्याशी तो ६५ ते ७५ सेंटिमीटर, तर नर डेन ८० च्या पुढे. उंचीत वीतभरही फरक नाही. वजनात मात्र राजपालयम २८ किलोचा धरला तर डेन अडीचपट भरतो.

आता गंमत अशी की या अडीचपटीमागे सगळ्याच गोष्टी अडीचपटीनं वाढत नाहीत. पशुवैद्यांच्या नेहमीच्या सूत्रानं राजपालयमची कातडी साधारण ०.९३ चौरस मीटर येते आणि डेनची १.७. म्हणजे किलोमागे राजपालयमला ३३० चौरस सेंटिमीटर कातडी मिळते, डेनला फक्त २४५. अंगातली उष्णता बाहेर टाकायची एक मोठी वाट ही कातडीच. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. त्याच्या अंगाचं तापमान मुळात ३८-३९ अंश, आणि चेन्नईत ३१ मे २००३ रोजी पारा ४५ वर गेला होता. हवा अंगापेक्षा तापली की कातडी उलट उष्णता आत घेते. उरतं ते जीभ काढून धापा टाकणं. पण समुद्रकाठच्या दमट हवेत जिभेवरचं पाणी लवकर उडत नाही, त्यामुळे तोही उपाय अर्धाच लागू पडतो. डेनला चेन्नईत एसी ही चैन नाही, गरज आहे.

खाण्याचा हिशोब वेगळा. भूक वजनाइतकी वाढत नाही, दुप्पटच होते. राजपालयमला दिवसाला सुमारे १,३५० कॅलरी, डेनला २,७००. वर्षाला दहा लाख कॅलरी! कोरड्या खाद्यात मोजलं तर वर्षाला पावणेतीनशे किलो, आठ वर्षांत सव्वादोन टन. तीन ऑल्टो गाड्यांचं वजन होतं तेवढं. पाणी दिवसाला चार लिटर, उन्हाळ्यात जास्तच. जून २०१९ मध्ये पुळल, पूंडी, चोळवरम, चेंबरमबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चारही तलाव आटले होते आणि लोक टँकरमागे रांगा लावत होते, हे चेन्नईकर विसरलेले नाहीत.

औषध मात्र थेट किलोवर. गोचीडतापावर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन किलोमागे १० मिलिग्रॅम, २८ दिवस देतात. शंभराच्या कॅप्सूल मोजा: राजपालयमला ८४, डेनला १९६. आणि कुत्र्याला जिना चढता येईनासा झाला की २८ किलो एक माणूस उचलतो. ७० किलोला दोघं लागतात, चादरही लागते.

फक्त आयुष्य उलट्या दिशेनं जातं. डेन सात ते दहा वर्षं जगतो, राजपालयम बहुधा त्याहून जास्त. मला सगळ्यात सलतं ते हेच.

तरी राजपालयम सोपा नाही. तो पळण्यासाठी घडलाय, अनोळखी माणसाला सहज जवळ करत नाही, दोन खोल्यांत कोंडला तर बिथरतो. डेन तुलनेनं शांत, सोफ्याशेजारी दुपार काढणारा. तळमजल्यावरचं घर, दिवसभर चालणारा एसी आणि खर्चाची तयारी असेल तर डेन जरूर पाळा. पहाटे साडेपाचला उठून रोज तासभर पळवणार असाल तर राजपालयम, आणि चेन्नईत माझा कौल त्यालाच. यातलं काहीच जमणार नसेल तर दोन्ही नकोत. राजपालयम घेताना पिल्लामागे उभं राहून टाळी वाजवा, कारण या पांढऱ्या जातीत बहिरेपण आढळतं. शंका आली तर पैसे देण्याआधी पशुवैद्याला दाखवा.