चेनला पेट्रोल, कुलपाला खोबरेल तेल: पार्किंगमधल्या घरगुती दुरुस्तीत नेमकं काय चुकतं?

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये चक्कर मारली की एक तरी बाइक डबल स्टँडवर उभी दिसते. बाजूला अर्धी कापलेली पाण्याची बाटली, त्यात टाकीतून काढलेलं पेट्रोल, एक रिटायर झालेला टूथब्रश आणि जुन्या बनियनचं फडकं. पेट्रोल लागताच चेनवरची काळी चिकट घाण सुटते, चेन लखलखते, वरून कसला तरी स्प्रे मारला की काम फत्ते. बंगला असेल तर हाच कार्यक्रम गॅरेजच्या शटरआड होतो आणि त्याच ओघात गेटची कुरकुरणारी बिजागरी, अडकणारं कुलूप, पावसात गंजलेला पाना यांचाही नंबर लागतो.

घरची गाडी आणि घरची अवजारं स्वतः नीट ठेवणं ही सवय चांगलीच. पैसे वाचतात, गाडी कळायला लागते. गडबड होते ती दुसरीकडे. साफ करणं, अडकलेलं सोडवणं, वंगण देणं आणि गंजापासून वाचवणं ही चार वेगवेगळी कामं आहेत. घरात मात्र ती चारही एकाच बाटलीने उरकली जातात. कधी त्या बाटलीत पेट्रोल असतं, कधी स्प्रे, कधी स्वयंपाकघरातलं तेल. बाटली चुकली की चेन लवकर जाते, ब्रेक निकामी होतात किंवा थेट आग लागते.

पेट्रोल वापरलं तर बिघडतं कुठे?

ज्वलनशील द्रवांसाठी 'फ्लॅश पॉइंट' नावाचं एक माप असतं. किती तापमानाला त्या द्रवातून पेट घेण्याइतकी वाफ सुटायला लागते, ते या मापावरून कळतं. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा उघड्या बाटलीतलं पेट्रोल पेटायला तयारच असतं. कमी असते ती फक्त ठिणगी.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते आणि उतार असेल तिकडे सरकत जाते. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये काय काय असतं ते आठवून पाहा. पाण्याच्या मोटरचा स्टार्टर, विजेचे मीटर, ई-स्कूटरचं चार्जिंग, कोपऱ्यात कुणाची तरी विडी. ठिणगी चार-पाच मीटर लांब पडली तरी वाफेच्या पट्ट्यावरून आग मागे बाटलीपर्यंत येऊ शकते. त्यामुळे 'आम्ही जवळ काडी पेटवत नाही' एवढ्यावर भागत नाही. बंद शटरच्या आत तर वाफेला बाहेर जायला वाटच नसते.

हातांचाही प्रश्न आहे. बीएस-6 मानकानुसार पेट्रोलमध्ये 1 टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकतं आणि बेंझिनमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. एकदा हात बुडवला म्हणून काही होईल असं नाही, पण दर रविवारी उघड्या हातांनी पेट्रोलमध्ये फडकं पिळणं ही शहाणपणाची सवय नव्हे. शिवाय पेट्रोल त्वचेवरचं नैसर्गिक तेल काढून टाकतं, हात पांढरे पडून भेगाळतात ते त्यामुळेच.

याच कामाला जुने मेकॅनिक रॉकेल वापरायचे. ते आता पूर्वीसारखं सहज मिळत नाही, पण पेट्रोलच्या तुलनेत नक्कीच बरं. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट साधारण 35 ते 40 अंशांपासून पुढे असतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत हा फरक खूप मोठा ठरतो. अकोला किंवा चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 कडे झेपावतो, तेव्हा मात्र भर दुपारी रॉकेलही धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेलं असतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर आणि उघड्यावर केलेलं बरं.

लखलखणारी चेन आतून कोरडी

बाइकची चेन बाहेरून एक दिसत असली तरी तिचं खरं काम आत चालतं. प्रत्येक कडीत एक पिन असते, ती एका छोट्या नळीत फिरते, आणि झीज होते ती या दोघींमध्ये. बऱ्याच बाइकच्या चेनमध्ये कारखान्यातच या जागी ग्रीस भरतात आणि ते बाहेर येऊ नये म्हणून कडीच्या पट्ट्यांमध्ये बारीक रबरी रिंगा बसवतात. तिला ओ-रिंग चेन म्हणतात.

पेट्रोल किंवा थिनरसारखे द्रव या रबराला मानवत नाहीत. रबर फुगतं, मग कडक होतं, चिरतं. रिंग एकदा सैल झाली की आतलं ग्रीस बाहेर आणि धूळ-पाणी आत. बाहेरून तेल ओतून आतलं ग्रीस परत भरता येत नाही. चेन दिसायला मस्त चमकते आणि काही महिन्यांत ताणली जाते. मग एकटी चेन बदलून भागत नाही, पुढचं-मागचं स्प्रॉकेटही सोबत घ्यावं लागतं. तारेचा कडक ब्रशही रिंगांना कापतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. साधी, बिनरिंगेची चेन पेट्रोल सहन करते, पण तिच्या आत शिरलेलं तेलही त्याच्याबरोबर धुऊन निघतं. त्यामुळे धुतल्यावर लगेच वंगण दिलं नाही तर तीही कोरडीच पळते.

मग करायचं काय? गाडीसोबत मिळालेलं आणि कपाटात पडून असलेलं मॅन्युअल एकदा उघडायचं. अनेक बाइकच्या मॅन्युअलमध्ये रॉकेलने पुसून घ्या आणि एसएई 90 गिअर ऑइल लावा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मऊ ब्रश, फडक्यावर थोडं रॉकेल किंवा बाजारातला चेन क्लीनर, मग कोरडं पुसणं. तेल लावायचं ते चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे स्प्रॉकेटला टेकणाऱ्या बाजूला. चाक फिरताना तेल बाहेरच्या दिशेला फेकलं जातं, त्यामुळे आत लावलेलं तेल आपोआप सगळीकडे पोचतं. थोडा वेळ थांबून वरचं जास्तीचं तेल पुसून टाकायचं, नाहीतर तेच धूळ धरतं. अनेक ठिकाणी 500 किलोमीटरला एकदा असा सल्ला दिलेला असतो. पावसात भिजलेल्या गाडीने मात्र 500 ची वाट पाहू नये.

ऑइल बदलताना निघालेलं काळं इंजिन ऑइल चेनला लावण्याची पद्धत जुनी आहे. त्यात धातूचे बारीक कण आणि काजळी असते. वंगण म्हणून कण चोळण्यासारखंच ते.

गाडी गिअरमध्ये टाकून चेन पुसणं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. चाक हाताने फिरवायचा कंटाळा येतो म्हणून डबल स्टँडवर इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायचा आणि फिरत्या चेनला फडकं लावून धरायचं, असं सर्रास केलं जातं. काम दोन मिनिटांत होतं, हे खरं.

आता साधं गणित. शंभर-सव्वाशे सीसीच्या बाइकमध्ये इंजिन नुसतं चालू असताना मिनिटाला साधारण 1,400 फेरे घेतं. पहिल्या गिअरमध्ये ते पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत पोचेपर्यंत मिनिटाला सुमारे 120, म्हणजे सेकंदाला दोन फेरे उरतात. 14 दात्यांच्या स्प्रॉकेटवरून एका फेऱ्यात जवळपास 18 सेंटिमीटर चेन सरकते. म्हणजे सेकंदाला सुमारे 35 सेंटिमीटर. फडक्याचं टोक कडीत अडकलं, तर बोटाएवढं अंतर चेन सेकंदाच्या पाचव्या हिश्शात कापते. माणसाला काही जाणवून हात मागे घ्यायला त्याहून जास्त वेळ लागतो. 'आपण सावध असू' हा भरवसा इथे चालतच नाही, कारण सावध माणसाचा हातही तेवढा वेगवान नसतो. आणि चेन थांबत नाही, तिच्यामागे इंजिन असतं.

इंजिन बंद, चावी काढलेली, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने. यात चार-पाच मिनिटं जास्त जातात, एवढंच. हाताने फिरवतानाही फडकं स्प्रॉकेटच्या तोंडाशी न धरता खालच्या पट्ट्यावर, मधोमध धरावं.

मग तो निळा-पिवळा स्प्रे कशासाठी असतो?

डब्ल्यूडी-40 हे नाव आता स्प्रेचं सामान्यनाम झालंय. त्याच्या नावातच त्याचं काम आहे. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये 1953 साली रॉकेट केमिकल कंपनी नावाच्या छोट्या कंपनीला धातूवरचं पाणी हटवून गंज रोखणारं द्रव्य बनवायचं होतं. चाळीसाव्या प्रयत्नात ते जमलं, म्हणून 'वॉटर डिस्प्लेसमेंट, 40'. सुरुवातीला ते ॲटलास क्षेपणास्त्राच्या पातळ बाह्य आवरणाला गंजू न देण्यासाठी वापरलं गेलं. कामगार ते गुपचूप घरी नेऊ लागले तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं की घरगुती ग्राहकही आहे. 1958 मध्ये ते डब्यात भरून दुकानात आलं.

म्हणजे पाणी हटवणं, गंजलेला नट सोडवणं, चिकट डाग काढणं यासाठी ते उत्तम. त्यात थोडं हलकं तेलही असतं, त्यामुळे मारल्या मारल्या कुरकुर थांबते. पण ते तेल पातळ असतं. चेनसारख्या जोर लागणाऱ्या जागी टिकत नाही, आणि आधीचं घट्ट वंगण मात्र सैल करून जातं. आठवड्याने कुरकुर परत येते ती जास्त मोठ्याने. त्याच कंपनीसह अनेक कंपन्या चेनसाठी वेगळा लूब विकतात तो याचसाठी.

स्प्रेचा दुसरा ताप म्हणजे तो फवारा आहे. चेनवर मारलेला मागच्या ब्रेकच्या डिस्कवर उडतो. ब्रेकचे पॅड तेल पितात, आणि मग पुढच्या चौकात ब्रेक दाबल्यावर गाडी थांबतच नाही. मारण्याआधी डिस्कवर जुनं वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा धरला तरी पुरतं. तेल उडालंच तर डिस्क ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. पॅड तेलाने भिजले असतील तर बदलण्यावाचून इलाज नाही. 'डिस्क गंजलीय' म्हणून तिच्यावरच तेल मारणारे महाभागही असतात. डिस्कवरचा तो तांबूस थर दोन-चार ब्रेक मारल्यावर आपोआप जातो.

खोबरेल तेल, गोडं तेल आणि कुलूप

कुलूप अडलं की आजी खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडते. मुंबईत, मे महिन्यात, ते चालूनही जातं. पण खोबरेल तेल 24-25 अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात बाटलीतलं तेल जसं पांढरं होतं, तसंच कुलपातलंही. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल गोठत नाही, त्याची तऱ्हा निराळी. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते हळूहळू चिकट होतं. गॅसच्या शेगडीमागच्या टाइल्सवर जो पिवळा, नखाने खरवडावा लागणारा थर जमतो, तोच हा प्रकार. शिलाई मशीनला गोडं तेल घातलं की ते महिन्याभरात जड होतं ते म्हणूनच. मशीनचं तेल म्हणून मिळणारं पातळ खनिज तेल बिजागरीला आणि शिलाई मशीनला योग्य. कुलपात मात्र कुठलंही तेल धूळ धरतं, तिथे ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलच्या शिशाची पूड, चावीला लावून दोन-तीनदा फिरवलेली बरी.

गंज काढायला टॉयलेट क्लीनर?

व्हायरल व्हिडिओंमध्ये गंजलेला पाना टॉयलेट क्लीनरमध्ये बुडवतात आणि तो चकचकीत होऊन निघतो. त्या क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते गंज खातं आणि मग खालचं चांगलं लोखंडही. त्याची वाफ आजूबाजूच्या अवजारांवर बसून दोन दिवसांत त्यांना गंजवते, हे व्हिडिओत दिसत नाही. पांढरं व्हिनेगर किंवा किराणा दुकानातलं लिंबूफूल पाण्यात विरघळवून त्यात पाना रात्रभर ठेवला तर काम हळू पण नीट होतं. सकाळी ब्रशने घासून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, पूर्ण कोरडा करून लगेच तेलाचा हात फिरवायचा. हा शेवटचा भाग टाळला तर उघडं पडलेलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं, कोकणात तर त्याआधीच.

फरशीवर सांडलेल्या ऑइलच्या डागाला ॲसिड लावून तर काहीच उपयोग नाही. ॲसिड तेल काढत नाही, सिमेंट आणि फरशी मात्र खातं. आधी लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून तेल शोषून घ्यायचं, मग धुण्याची पावडर आणि गरम पाणी. आणि ॲसिड टाकलेल्या जागी 'अजून स्वच्छ होईल' म्हणून ब्लीच कधीच ओतू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसं जाळतो.

शटर वर आहे ना?

सगळं आटोपल्यावर गाडी सुरू करून पाहण्याचा मोह होतोच. बंद गॅरेजमध्ये तो टाळायचा. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 हून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळणं ही पहिली लक्षणं 'सकाळपासून उपाशी आहे' म्हणून सोडून दिली जातात, आणि नंतर उठून शटर उघडण्याइतकी ताकद राहत नाही. शटर अर्धं वर असणं पुरेसं नाही. गाडी बाहेर काढूनच सुरू करावी.

उरलेलं रॉकेल आणि काळं ऑइल गटारात जाऊ नये. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या डब्यात साठवून पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याकडे दिलं तर तो ते आपल्या ऑइलबरोबर गोळा करणाऱ्याला देतो. भिजलेली फडकी आधी उघड्यावर, सावलीत वाळवायची आणि मगच कचऱ्यात टाकायची. डबल स्टँडवरून गाडी खाली घेतली की रस्त्यावर नेण्याआधी पार्किंगमध्येच हळू चालवत मागचा ब्रेक दोनदा दाबून पाहायचा.