तिवराचा श्वास

मुळाशी पाणी साचलं की झाड गुदमरतं. मुळांनाही प्राणवायू लागतो आणि हवेच्या मानाने पाण्यातून तो सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. वाफसा असलेल्या जमिनीत मातीच्या कणांमधून हवा खेळत असते. तीच जमीन चिबडली की सूक्ष्मजीव उरलासुरला प्राणवायू फस्त करतात. खाऱ्या चिखलात तर पुढे सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. खाडीच्या काळ्या गाळाला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो तो त्याचाच, आणि मुळांना हा वायू विषारी असतो. अशा गाळात तुरीचं रोप मान टाकतं. तिवर हे खारफुटीचं झाड मात्र ठाण्याच्या खाडीत त्याच गाळात रान करून वाढतं.

त्याची मुळं खोल जातच नाहीत. ती गाळाच्या वरच्या थरात आडवी पसरतात आणि त्यांच्यापासून वीतभर उंचीची श्वसनमुळं सरळ वर येतात. दोन-तीन मीटर उंचीच्या एका झाडाला ती १०,००० हून अधिक असू शकतात. त्यांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते, पाणी जात नाही. आतला भाग स्पंजासारखा पोकळ असतो, त्यातून प्राणवायू थेट गाळातल्या मुळांपर्यंत उतरतो.

हे नुसतं झिरपणं नव्हे, असं १९५५ साली शास्त्रज्ञ पेर शोलँडर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. भरतीत छिद्रं बुडाली की मुळं आतला प्राणवायू वापरत राहतात. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे मुळांतला दाब घटतो. ओहोटीला छिद्रं उघडी पडताच बाहेरची हवा आत खेचली जाते. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या आधारमुळांवरची छिद्रं त्यांनी ग्रीस लावून बुजवली, तेव्हा गाळातल्या मुळांमधला प्राणवायू झपाट्याने घसरला. माझ्या मते कांदळवनाविषयीचं सर्वांत महत्त्वाचं ज्ञान या साध्या प्रयोगात आहे.

भाताच्या मुळांतही पाणी भरल्यावर अशाच हवेच्या पोकळ्या वाढतात. पण भाताची शेंडी पाण्याबाहेर राहिली की पुरतं. तिवराला ओहोटी हवीच. भरतीचं पाणी त्याला चालतं, कायमचं साचलेलं पाणी चालत नाही.

म्हणून कुऱ्हाड न लावताही कांदळवन मारता येतं. बांध घालून पाणी कोंडलं किंवा राडारोडा टाकून श्वसनमुळं गाडली की झाडं उभ्या उभ्या वाळतात. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सांडलेलं तेल खाडीकाठच्या खारफुटीवर येऊन चिकटलं. शोलँडरच्या ग्रीसने जे केलं, तेच असं तेलही करू शकतं.

कांदळवन तोडणं हा जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. पण पाहणीत उभी झाडं मोजून भागत नाही. खाली श्वसनमुळं उघडी आहेत का आणि भरतीचं पाणी परत जातं का, हे पाहायला हवं. तुमच्या खाडीकाठी भराव पडताना दिसला, तर झाडं हिरवी आहेत म्हणून थांबू नका. पानं पिवळी पडेपर्यंत मुळं मेलेली असू शकतात. तक्रार त्याच दिवशी करा.